शंभर अश्वशक्ती हवी, पण खिसा बेताचा

प्रश्न: ओहायोत घरच्या गॅरेजमध्ये झेनिथ सीएच ६५० हे दोन आसनी विमान बांधतोय. नवं रोटॅक्स इंजिन आवाक्याबाहेर आहे. जुन्या शेव्हरोले कॉर्व्हेअर मोटारीचं इंजिन बसवू, की खास विमानासाठी बनलेलं, प्रमाणित कॉन्टिनेंटल ओ-२०० वापरलेलं शोधू?

उत्तर: ओ-२०० शोधा. कॉर्व्हेअर टाकाऊ मुळीच नाही. सहा सिलिंडर, हवेवर थंड होणारं, गिअरशिवाय थेट प्रोपेलर फिरवणारं. घरी विमानं बांधणारे अमेरिकन बर्नार्ड पीटनपॉल यांनी ते १९६०च्या दशकातच आपल्या विमानाला जोडलं होतं. पण मोटारीचा क्रँकशाफ्ट प्रोपेलरचे हिसके सोसायला घडवलेला नसतो. काही तुटले, म्हणून आता जादा पाचवं बेअरिंग बसवतात. ते, नवे पिस्टन आणि दुहेरी इग्निशन (ठिणगीची दोन स्वतंत्र यंत्रणा) धरलं की स्वस्ताईतली हवा निघून जाते. शिवाय घरी बांधलेल्या विमानाला सुरुवातीची चाचणी उड्डाणं प्रमाणित इंजिन-प्रोपेलर जोडी असेल तर साधारण २५ तास, एरवी ४०.

लॉगबुकातले कमी तास बघून मात्र भुलू नका. वर्षानुवर्षं हँगरात पडून राहिलेल्या इंजिनाची मला जास्त धास्ती वाटते. सिलिंडर आतून गंजतात. इंजिन गरम असताना सिलिंडरमध्ये ८० पीएसआय (दर चौरस इंचाला ८० पौंड) दाबाची हवा सोडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरतो ते, तपासा आणि कान द्या. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर व्हॉल्व्ह गळतोय, तेलाच्या तोंडातून आली तर पिस्टन रिंगा. प्रोपेलर धरायला जाणता माणूस घ्या. त्या दाबानं प्रोपेलर गर्रकन फिरतो.