बर्फ आणि हिम

प्रश्न : ससून डॉकवर पहाटे मासळीच्या टोपलीत फोडलेला बर्फ भरते. लेकीच्या पुस्तकात मात्र ‘हिम’. दोन्ही शब्द एकाच घरचे का?

उत्तर : नाही, ताई. ‘बर्फ’ फारसीतून आला. इराणच्या जुन्या अवेस्ता भाषेत तो ‘वफ्र’ होता. फ-रची अदलाबदल झाली, आपण ‘नुकसान’चं ‘नुसकान’ करतो तशी. वड्यांची बर्फीही त्याचीच लेक!

‘हिम’चं गोत्र वेगळं, आणि मला फार प्रिय. रशियन ‘झिमा’, लिथुआनियन ‘झिएमा’, लॅटिन ‘हिएम्स’ ही त्याची भावंडं. तिन्हींचा अर्थ हिवाळा. आपला ‘हेमंत’ही त्यांतलाच. इंग्रजी ‘आइस’चं नातं मात्र फारसी ‘यख’शी (म्हणजे बर्फच) जुळत असावं. म्हणजे तुमच्या टोपलीतला बर्फ इराणातून आलेला, हिम घरचं.