खंदक, बारव आणि सांडपाणी: लहान नगरपरिषदेच्या हातात नेमके काय असते?

आपण विचारले आहे की, खान्देशातील आपल्या लहान शहरात भुईकोटाच्या खंदकात आणि वेशीजवळच्या दगडी बारवेत गटाराचे पाणी साचते, नगरपरिषदेने वारसा जतनाचा आणि सांडपाण्याच्या पुनर्वापराचा असे दोन ठराव केले आहेत, तर प्रक्रिया केलेले पाणी खंदकात व बारवेत सोडून दोन्ही कामे एकदम का साधू नयेत? मी या भागातील नगरपरिषदांच्या पाणीपुरवठा विभागात बरीच वर्षे नोकरी केली. माझे उत्तर असे आहे की खंदकाबाबत काही अटींवर हे शक्य आहे, बारवेबाबत मात्र ते मुळीच करू नये.

पहिली गोष्ट मालकीची. नगरभूमापन कार्यालयातून खंदकाची आणि बारवेची मिळकत पत्रिका काढा. जागा केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत आहे, राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली आहे, की नुसती नगरपरिषदेच्या नावावर आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. जागा कोणत्याच यादीत नसेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते आणि नगरपरिषद स्वतःची वारसा यादी तयार करून, हरकती व सूचना मागवून, ती शासनाच्या मंजुरीला पाठवू शकते. खाजगी वाड्याच्या मालकाला यातून टीडीआर, म्हणजे वाड्यावर न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकण्याचा दाखला, मिळू शकतो, परंतु जिथे जादा चटईक्षेत्राला (बांधकामाच्या जादा क्षेत्राला) गिऱ्हाईकच नाही अशा गावात त्या कागदाचा उपयोग फारसा होत नाही, हेही सांगितले पाहिजे.

केंद्रीय संरक्षित वास्तूबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण, हे सर्वांना ठाऊक असते; त्यामुळे ‘पुरातत्त्वची परवानगी नाही’ असा शेरा मारून गटार वळवण्याची फाइल वर्षानुवर्षे पडून राहते. प्रत्यक्षात केंद्राच्या प्राचीन स्मारक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने ‘बांधकाम’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तिच्यातून गटारे व मलनिस्सारणाची कामे आणि सार्वजनिक पाणीपुरवठ्याची कामे स्पष्टपणे वगळलेली आहेत. खंदक स्वतःच संरक्षित हद्दीत असेल तर त्यात कुदळ घालण्यासाठी परवानगी लागेलच. परंतु बाहेरून येणारे गटार अडवून दुसरीकडे नेण्यास ती व्याख्या आड येत नाही. मी ज्या एका नगरपरिषदेत होतो, तिथे हे कलम सभेपुढे मोठ्याने वाचून दाखवावे लागले, तेव्हा कुठे टिप्पणी पुढे सरकली.

आता पाण्याकडे येतो. प्रक्रिया केंद्रात घाण कमी होते, विरघळलेले क्षार मात्र बहुतांशी तसेच राहतात. पारोळ्यासारख्या खंदक असलेल्या भुईकोटाच्या चुन्यातील भिंतीला असे पाणी सतत लागले आणि आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात ते वाळत गेले, तर क्षार दगडाच्या तोंडाशी येऊन लोणा धरतो आणि दगड पापुद्र्यांनी सुटू लागतो. त्यावर उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा करणे हा त्याहून वाईट प्रकार. ओल आत कोंडली जाते आणि चुना मरतो. शिवाय पाया काळ्या मातीत असेल तर खंदक एकदा भरणे आणि एकदा कोरडा पाडणे हे भिंतीच्या मुळावरच येते. म्हणून खंदकात पाणी ठेवायचेच असेल तर ते भिंतीपासून दूर, अस्तर केलेल्या उथळ चरात, वाहते ठेवावे. साचवले तर शेवाळ, जलपर्णी आणि डास ठरलेलेच.

बारवेचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तिचे पाणी म्हणजे आसपासच्या विहिरींचे आणि हातपंपांचेच पाणी. तिथे प्रक्रिया केलेले, पण नायट्रेट हा पिण्यास अपायकारक क्षार असलेले पाणी ओतणे म्हणजे शेजाऱ्यांच्या घागरीत ओतणे होय. तिथे फक्त छतावरचे पावसाचे पाणी, तेही गाळून, सोडावे. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर १०० चौरस मीटर छतावरून गळती वजा जाता सुमारे ५६,००० लिटर पाणी हाती येते. बारवेभोवतीच्या दहा-पंधरा घरांचे पन्हाळे जोडले तरी पुरे.

मग प्रक्रिया केलेले पाणी जाणार कुठे? ५०,००० वस्तीच्या शहरात माणशी १३५ लिटरच्या निकषाने रोज साडेसदुसष्ट लाख लिटर पुरवठा आणि त्याच्या ८० टक्के म्हणजे ५४ लाख लिटर सांडपाणी कागदावर येते. प्रत्यक्षात आपल्याकडे नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते, निम्मी घरे भुयारी गटाराला जोडलेली नसतात, आणि निकषावर बांधलेले केंद्र उपाशी राहते. त्यातले जिवाणूच जगत नाहीत. म्हणून मी आधी गिऱ्हाईक शोधा, मग केंद्राची क्षमता ठरवा, असे म्हणतो. २०१६ च्या वीजदर धोरणानुसार मलप्रक्रिया केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक वीज केंद्राने असे पाणी वापरणे बंधनकारक आहे. भुसावळजवळचे दीपनगर वीज केंद्र ज्या गावांना जवळ आहे, त्यांना हा आधार आहे. इतरांना बागा, बांधकामे आणि केळी-कापसाची शेते उरतात. ठिबकला देण्यापूर्वी वाळूचा फिल्टर हवा, नाहीतर ड्रीपर बुजतात. मेथी-कोथिंबिरीला मात्र हे पाणी देऊ नये.

पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घेण्याच्या जुन्या सिंचन पद्धतीत, बंधारा जितका महत्त्वाचा, तितकाच पाणी वाटणारा पाटकरी. नगरपरिषदा बंधारा बांधतात आणि पाटकरी नेमत नाहीत. प्रक्रिया केंद्र उभारण्यासाठी केंद्र सरकारच्या अमृत २.० या योजनेतून आणि एक लाखाखालील शहरांना स्वच्छ भारत २.० मधून निधी मिळतो, परंतु वीजबिल आणि चालकाचा पगार नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून जातो. येत्या अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा की या दोन खर्चांसाठी कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रक्कम ठेवली आहे, आणि उत्तराची पोच जपून ठेवा.