बघून काय सोनं झिजतंय?

प्रिय मनू,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री ऐकला आणि आज सकाळी ट्रेनमध्ये परत ऐकला. "आई, इथे सगळे माझ्याकडे बघतात. दुकानात, देवळात, रिक्षावालेकाका तर आरशातून. मी उलट बघितलं तरी नजर काढत नाहीत. जपानमध्ये निदान मान तरी वळवतात. इथे मी कुठे वेगळी दिसते? मराठी लोक असं का करतात? आणि गणपतीच्या देवळात एक आजी म्हणाली, 'कुणाची गं तू?' मी काय कुणाची वस्तू आहे?"

फोनवर सांगायला गेले असते, तर तुझी आजी मध्येच बोलली असती आणि तू जपानीत 'हाइ, हाइ', म्हणजे 'हो, हो' म्हणून फोन ठेवला असतास. म्हणून लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर आजोबांना विचार. मणिपूरच्या मुलाचं जिथे येईल, तेवढं मात्र तुझं तू वाच.

आधी एक गोष्ट मान्य कर. तू तिथे वेगळी दिसतेस. रंग, नाक, केस सगळं मावशीसारखं आहे, ते खरं. पण सुटे पैसे परत घेताना तू वाकतेस. रिकाम्या रस्त्याच्या कडेला थांबून राहतेस. जिथे रांग नाही तिथे एकटीच रांग लावून उभी राहतेस! सांगलीकराला हे दहा पावलांवरून कळतं. त्याला वाटतं, पोरगी आपल्यातली दिसतेय, पण वागतेय भलतंच. मग तो बघतो, आणि कोडं सुटेपर्यंत बघतच राहतो. त्याला लहानपणी कुणी सांगितलेलंच नसतं की असं टक लावून बघू नये.

'कुणाची गं तू' हे त्या कोड्याचं उत्तर मागणं आहे. त्यात तू वस्तू नाहीस. त्या आजींना तू एकटी, सुटी अशी दिसतच नाहीस. प्रत्येक मूल कुणाच्या तरी घरातून बाहेर पडलेलं असतं आणि संध्याकाळी तिथेच परत जाणार असतं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं आहे. पुढच्या वेळी सांग, "गावभागातल्या ड्रॉइंगच्या सरांची नात." मग बघ काय होतं. "अगो बाई, म्हणजे थोरलीची होय! जपानला असतीय ती?" इथून सुरू होऊन तुझी आई आठवीत असताना सायकलवरून कशी पडली होती इथपर्यंत गोष्ट जाईल. हातावर खडीसाखर पडेल ती वेगळीच. आमच्याकडे अनोळखी माणसालाही "काय पाव्हणं, गाव कोणतं?" असंच विचारतात. ओळख नाही, पाळख नाही, आणि थेट पाहुणा.

पण सगळंच गोड करून सांगणार नाही. 'कुणाची' नंतरचा प्रश्न बहुतेक वेळा 'आडनाव काय?' हा असतो. आडनावावरून गाव कळतं, आणि पुष्कळदा जातही. काहींना तेवढंच हवं असतं. मी तुझ्याएवढी असताना मैत्रिणीच्या घरी पाणी मागितलं, तर पाण्याआधी हा प्रश्न आला होता. मला तो तेव्हा आवडला नाही, आजही आवडत नाही. तुला कुणी विचारलंच तर नुसतं "मनू" म्हणून हसायचं. आणखी एक. एखादी नजर अशी असते की आपल्याला आपले कपडे नीट करावेसे वाटतात. त्या नजरेचा आणि मराठी रीतीभातींचा काही संबंध नाही, ती जगात सगळीकडे सारखीच असते. तिथे उत्तर द्यायचं नाही, थांबायचं नाही, सरळ आजीकडे यायचं.

आता माझं सांगते, कारण हे तुला मी कधी सांगितलेलं नाही.

आपण जपानमध्ये, आझुमिनोला आलो तेव्हा तू सव्वा वर्षाची होतीस. पहिल्या हिवाळ्यात मी रोज सकाळी होताका स्टेशनवरून मात्सुमोतोची गाडी धरायचे. ओइतो लाइनची ती छोटी गाडी तुला माहीतच आहे, जेमतेम दोन-तीन डबे. गाडी भरायची, माणसं उभी राहायची, आणि माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. पहिल्यांदा वाटलं, योगायोग. मग मी मोजायला लागले. एका आठवड्यात पाचपैकी चार दिवस. मला वाटलं, खोबरेल तेलाचा वास येत असेल. तेल बंद केलं. मग वाटलं, कोटाला फोडणीचा वास बसत असेल. कोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायला लागले आणि सकाळी लसणाची फोडणी बंद केली. बाबा चार महिने सकाळी ब्रेड खात होते आणि त्यांना कारण माहीत नव्हतं. जागा रिकामीच.

आणि बघायचे सगळे. पण कसं? मी खिडकीतून बाहेर डोंगर बघायला लागले की काचेत त्यांचे डोळे दिसायचे. मी वळले की सगळे आपापल्या फोनमध्ये. लहान मुलं तेवढी सरळ बघायची. एकदा एका मुलानं बोट दाखवून "गायजिन!", म्हणजे परदेशी, असं म्हटलं आणि त्याच्या आईनं त्याचा हात असा खाली ओढला की तो बिचारा रडायला लागला. जपानीत टक लावून बघण्याला 'जिरोजिरो' असा एक शब्दच आहे, आणि जिरोजिरो बघू नये हे इथे बाळपणीच शिकवतात. तुलाही हिकारी-सेन्सेईंनी बालवाडीत शिकवलं होतं. म्हणजे बघावंसं त्यांनाही वाटतं, सांगलीकराइतकंच वाटतं. फक्त ते गिळतात.

हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा मला आठवले विट्याचे नाना, माझ्या आत्याचे यजमान. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं, असं ते काम. दुष्काळी मुलूख, शेतात पिकायचं काही नाही, मग पोरं पंधरा-सोळाव्या वर्षी गाडीत बसायची. नाना कोइमतूरला उतरले तेव्हा त्यांना तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. धोतर वेगळं, बोलणं वेगळं, जेवण वेगळं. लोक दुकानासमोर थांबून बघायचे. मी त्यांना विचारलं होतं, "नाना, राग नाही यायचा?" ते म्हणाले, "बघू दे की. बघून काय सोनं झिजतंय व्हय?"

ओइतो लाइनवर मी हे मनातल्या मनात कितीदा म्हटलं असेल! फेब्रुवारीत तेल परत लावायला लागले. बाबांना पोहे मिळाले. शेजारच्या रिकाम्या जागेवर मी माझा डबा ठेवायला लागले.

भाजीच्या स्टॉलवरच्या ओबाचान तुला आठवतातच. त्यांनी दोन वर्षं माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या टोपलीकडे बघितलं. मी काय उचलते, किती उचलते. उन्हाळ्यात भेंडी आली की मी सगळी जाळी रिकामी करायची, त्यांच्या भाषेत 'ओकुरा'. एक दिवस त्यांना राहवलं नाही. "एवढ्या ओकुराचं करता काय?" मी माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं की कोरडी पुसायची, चिरायची, तेलावर परतायची, बुळबुळीतपणा पार जाईपर्यंत. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. बुळबुळीतपणा घालवायचा? अहो, त्यासाठीच तर ओकुरा खायची! त्यांच्याकडे त्या तारेला 'नेबानेबा' म्हणतात आणि ती कौतुकानं खातात. आम्ही दोघी भर उन्हात भेंडीवरून पाऊण तास भांडलो. तेव्हापासून त्या माझ्यासाठी दोन पिशव्या बाजूला ठेवतात. माझ्या माघारी मला ओकुरा-सान म्हणत असणार, याची मला खात्री आहे. आज त्यांनी तुझी चौकशी केली. सांगितलं, आजोळी गेलीय, तिथे सगळे तिच्याकडे बघतात म्हणून रुसलीय. त्या म्हणाल्या, "मोठी झाली ना, बघणारच."

विचारणं सुरू झालं तरी प्रश्न संपत नाहीत, हे मात्र खरं. "परत कधी जाणार?" हे मला अजून विचारतात, आणि तुला तर जपानीबद्दल शाबासकी देतात. तू सात वर्षांची असताना दाताच्या दवाखान्यात एक काकू "निहोंगो जोझु" म्हणाल्या आणि तू म्हणालीस, "तुमचंही छान आहे." मी तुला तिथे दटावलं. रात्री बाबांना सांगताना हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता मणिपूरचा मुलगा.

मी इंजिनिअरिंगला सांगलीकडेच होते. आमच्या वर्गात मणिपूरचा एक मुलगा होता. डोळे, गाल, केस तुझ्या वर्गातल्या मुलांसारखे. आझुमिनोच्या गर्दीत उभा राहिला असता तर कुणी दुसऱ्यांदा बघितलं नसतं. पण तो त्याच्या स्वतःच्या देशात, सांगलीत होता, आणि त्याच्याकडे सगळा गाव बघायचा. कँटीनमध्ये त्याला 'चायनीज' म्हणायचे, रस्त्यात पोरं 'ए नेपाळी' म्हणून हाक मारायची. मी म्हणायचे नाही. पण हसायचे. ज्या गावात रिक्षावाला सुद्धा 'गाव कोणतं' विचारल्याशिवाय राहत नाही, त्या गावात चार वर्षं मी त्याच्या दोन बाक मागे बसले आणि त्याच्या गावाचं नाव मी एकदाही विचारलं नाही. मला आजही ते माहीत नाही. ट्रेनमध्ये तो मला वारंवार आठवायचा, नानांपेक्षा जास्त.

तू विचारलंस, मराठी लोक असं का करतात. करतात, आणि मीही केलंय. माझं आजोळ मिरजेचं, सतारी करणाऱ्यांच्या गल्लीच्या जवळ. सतारी घ्यायला तिथे बाहेरदेशचे लोक यायचे. एकदा लाल केसांची, अंगभर ठिपके असलेली एक मुलगी दुकानाच्या पायरीवर सतार लावून बघत होती. आम्ही सात-आठ पोरं दारात, एकमेकांच्या खांद्यांवरून. आतले कारागीर ओरडले, "हवा तरी येऊ द्या रे तिला!" आम्ही कसले हलतोय. शेवटी तिनं सतार खाली ठेवली, डोळे वटारून आमच्याकडे तसंच टक लावून बघितलं आणि जीभ बाहेर काढली. आम्ही जी धूम ठोकली ती थेट दर्ग्यापर्यंत!

सांगलीहून मिरजेला जाताना वाटेत वानलेसवाडी लागते, बघितलीस का? हे नाव मराठी नाही. विल्यम वानलेस नावाचे एक डॉक्टर होते, जन्म कॅनडातला. १८८९ मध्ये ते तिकडे आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत दवाखाना उभा केला, तोच पुढे मिशन हॉस्पिटल म्हणून लांबलांबपर्यंत माहीत झाला. माझी खात्री आहे, त्यांच्याही दारात पहिल्या दिवशी अशीच गर्दी असणार. जवळजवळ चाळीस वर्षं ते तिथे राहिले. आज रिक्षावाले 'वानलेसवाडी, वानलेसवाडी' असं ओरडतात आणि तो कुणी परदेशी माणूस होता हे कुणाच्या मनातही येत नाही. जिवंत असेपर्यंत मात्र ते 'साहेब'च राहिले असणार. एवढी वर्षं राहूनही.

मला काय आवडतं असं विचारशील तर सांगते. सांगलीत आठ दिवस झाले की मला ओइतो लाइनची आठवण येते, जिथे कुणी काही विचारत नाही. आणि इथे रविवारी दुपारी, बर्फ पडत असताना, कुणीतरी दार वाजवून "काय करताय?" म्हणावं असं वाटतं. याला इलाज नाही.

पुढच्या शनिवारी मी येतेय. तोपर्यंत एक काम कर. कोयनेकडे पाऊस जोरात आहे असं बातम्यांत वाचलं. आजोबा रोज संध्याकाळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी बघायला जातात, त्यांच्याबरोबर तूही जा. तिथे अर्धी सांगली कठड्याला टेकून नदीकडे एकटक बघत उभी असते, तुझ्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ ही धोक्याची. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा आजी-आजोबांना घर सोडून मावशीकडे जावं लागलं होतं. आजोबा मला फोनवर नेहमी "काही नाही, काही नाही" म्हणतात. तू आकडा बघून रोज रात्री मला कळव, फूट आणि इंच दोन्ही.

आणि छत्री ने. आजोबा नेत नाहीत.

तुझी,
आई