गोबरगॅसवर फ्युएल सेल चालेल का?

प्रश्न : घरी सहा जनावरं आहेत, मागे गोबरगॅस आहे. केळीच्या मोटारीला वीज येते ती रात्री-बेरात्री. या गॅसवर फ्युएल सेल बसवून वीज करता येईल का? की प्लॅटिनममुळे ते आपल्या आवाक्याबाहेरच?
— एक केळी उत्पादक, ता. रावेर

उत्तर : भाऊ, फ्युएल सेल म्हणजे इंधन न जाळता त्यापासून थेट वीज करणारं यंत्र. प्लॅटिनम हा त्यातला कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. पण प्लॅटिनमचं नंतर बघू. आधी तुमच्या गॅसचा वास घ्या. तो सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि गंधकाएवढा कॅटॅलिस्टचा वैरी दुसरा नाही.

शिकत असताना मी ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये गोबरगॅस भरून आणला आणि न गाळताच ७५० अंशांच्या निकेलवर सोडला. निकेल हाही कॅटॅलिस्टच; त्यावर गोबरगॅसमधला मिथेन आणि वाफ एकत्र येऊन हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड होतात. सकाळी हायड्रोजन झकास निघत होता. भरीत-भाकरी खाऊन परत येतो तर आलेख खाली बसलेला! गंधक निकेलवर असं चिकटतं, की भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये कुणी बाकावर पथारी पसरावी. मिथेनला टेकायला जागाच नाही. महिनाभर खपून केलेला कॅटॅलिस्ट एका दुपारीत गेला.

प्लॅटिनमवर हीच दांडगाई कार्बन मोनॉक्साइड करतो. गाड्यांमधला सेल ८० अंशांच्या आसपास चालतो. त्याला लाखात एक भागही सोसत नाही. म्हणून गॅस आणखी दोन-तीन टप्प्यांत धुवावा लागतो. ७००-८०० अंशांवरच्या सॉलिड ऑक्साइड सेलमध्ये प्लॅटिनमऐवजी निकेल असतं, आणि कार्बन मोनॉक्साइड तिथे इंधन म्हणूनच खपतो. गोबरगॅसला हाच सेल जुळतो, पण रोज चालू-बंद केला तर आतली चिनीमातीसारखी सिरॅमिक तडकते.

आता हिशोब. सहा जनावरांचं साधारण ६० किलो शेण, त्याचा सव्वादोन-अडीच घनमीटर गॅस. चांगल्या सेलमधून सात युनिट वीज निघेल. पाच एचपीची मोटार त्यावर पावणेदोन तासही चालणार नाही, आणि वहिनींची शेगडी बंद! आज तरी मी हा खर्च करा म्हणणार नाही.

गंधक मात्र आत्ताच काढा, शेगडीचे बर्नरही टिकतील. लेथवरचा लोखंडी कीस गंजवून पाइपात भरा आणि गॅस त्यातून न्या. कीस काळा पडला की बदला. काढलेला कीस हवेत आपोआप तापतो, पेटही घेतो; ओला करूनच पसरा, आणि केळीच्या वाळल्या पानांपासून लांब.