वाचकांचे प्रश्न : गॅस बंद करणारा मंत्री आणि जुन्या खात्याचा राजीनामा

प्रश्न : पश्चिम युरोपातील सर्वांत मोठे गॅसक्षेत्र, जमिनीत भरपूर साठा शिल्लक असताना, बंद करण्याचा निर्णय नेदरलँड्सच्या एका उदारमतवादी अर्थमंत्र्यांनी घेतला आणि पुढे त्यांना राजीनामा द्यावा लागला, असे वाचनात आले. उद्योगधंद्यांना अनुकूल समजल्या जाणाऱ्या पक्षाच्या मंत्र्याने असा निर्णय का घ्यावा? आणि राजीनामा याच निर्णयामुळे झाला का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण एरिक वीबस यांच्याविषयी विचारत आहात. त्यांच्या राजीनाम्याचा गॅसशी काही संबंध नव्हता. हा घोटाळा बहुधा ‘अर्थमंत्री’ या शब्दामुळे झाला असावा. आपल्याकडे अर्थमंत्री म्हणजे अंदाजपत्रक आणि कर पाहणारा मंत्री. नेदरलँड्समध्ये ते काम वित्त मंत्रालयाकडे असते, तर उद्योग, ऊर्जा आणि खाणी हे विषय आर्थिक व्यवहार मंत्रालयाकडे असतात. वीबस यांनी या दोन्ही मंत्रालयांत काम केले. गॅसचा निर्णय त्यांनी आर्थिक व्यवहार मंत्री म्हणून घेतला आणि राजीनामा द्यावा लागला तो वित्त मंत्रालयातील त्यांच्या जुन्या कारभारापायी.

वीबस यांचा जन्म १९६३ चा, शिक्षण डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीचे. सुरुवातीला त्यांनी शेल कंपनीत नोकरी केली, मग व्यवस्थापन सल्लागार म्हणून बरीच वर्षे काढली आणि त्यानंतर ते आर्थिक व्यवहार मंत्रालयातच वरिष्ठ अधिकारी झाले. त्यांचा पक्ष व्हीव्हीडी, स्थापना १९४८ ची. ‘उदारमतवादी’ म्हटले की आपल्याला रानडे-गोखले आठवतात. हा पक्ष मात्र मुख्यतः खुली बाजारपेठ, कमी कर आणि काटकसरीचे सरकार या बाजूचा आहे. २०१० मध्ये वीबस ॲमस्टरडॅम महापालिकेच्या कार्यकारी मंडळात आले आणि वाहतुकीबरोबर उत्तर-दक्षिण मेट्रोचे काम त्यांच्याकडे आले. त्या भुयाराच्या कामामुळे २००८ मध्ये फेइझलग्राख्त या रस्त्यावरची जुनी घरे खचली होती. जमिनीखाली काम काढले की वर राहणाऱ्यांचे काय होते, याचा धडा त्यांना मंत्री होण्याच्या कितीतरी आधी मिळाला होता, असे म्हणायला हरकत नाही.

आता गॅसविषयी. ग्रोनिंगन प्रांतातील स्लोख्तरेन येथे १९५९ मध्ये हा साठा सापडला. क्षेत्र चालवणाऱ्या कंपनीत शेल आणि एक्सॉन यांची निम्मी-निम्मी भागीदारी होती, पण उत्पन्नाचा सिंहाचा वाटा सरकारच्या तिजोरीत जात असे. तो एकूण सुमारे ३६३ अब्ज युरो होता, असा संसदीय चौकशी समितीचा हिशेब आहे. गॅस आहे सुमारे तीन किलोमीटर खोल, वालुकाश्मात. तो काढला की खडकातील दाब उतरतो, थर दबला जातो आणि जुन्या भेगांवर ताण येऊन भूकंप होतो. रिश्टर प्रमाणावर हे धक्के लहानच दिसतात. परंतु त्यांचा उगम फार खोल नसतो, वरची माती मऊ आहे आणि तिथली विटांची घरे भूकंपाचा विचार करून कोणी बांधलेलीच नव्हती. भिंतीला तडा जातो, खिडकीची चौकट तिरकी होते आणि शेवटी घर कोसळू नये म्हणून बाहेरून लाकडी तुळयांचे टेकू द्यावे लागतात.

१६ ऑगस्ट २०१२ रोजी याच प्रांतातील हाउझिंगे येथे ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. उत्पादन शक्य तितके आणि लवकर कमी करा, असा सल्ला खाण-निरीक्षकांनी दिला. तरीही २०१३ मध्ये तिथून सुमारे ५४ अब्ज घनमीटर गॅस काढण्यात आला, म्हणजे उत्पादन कमी होण्याऐवजी वाढलेच. तेव्हाचे आर्थिक व्यवहार मंत्री हेंक काम्प हेही व्हीव्हीडीचेच. त्यामुळे वीबस यांनी घेतलेल्या निर्णयाला पक्षाच्या विचारसरणीचे फळ म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये ते या खात्यात आले; ८ जानेवारी २०१८ रोजी झेराइप येथे ३.४ तीव्रतेचा धक्का बसला. निरीक्षकांनी वार्षिक उत्पादन १२ अब्ज घनमीटरवर आणण्याचा सल्ला दिला. आणि २९ मार्च २०१८ रोजी सरकारने २०३० पर्यंत उत्पादन शून्यावर आणण्याचे जाहीर केले. माझ्या मते यामागे तत्त्वापेक्षा अभियंत्याचा हिशेब होता. उत्पादन थोडे थोडे कमी करत राहिले, तर घरे मजबूत करण्याचा, भरपाईचा आणि लोकांच्या रोषाचा खर्च चालूच राहतो. मूळच बंद केले, तर त्याला कुठेतरी शेवट असतो. लोकांच्या बाबतीत सरकारचे झालेले अपयश नेदरलँड्सला न शोभणाऱ्या थराचे आहे, अशी कबुलीही त्यांनी दिली आणि भरपाईचे काम कंपनीच्या हातून काढून सरकारकडे घेतले.

मग लगेच बंद का केले नाही? याचे उत्तर डच घरांच्या स्वयंपाकघरात सापडते. ग्रोनिंगनच्या गॅसमध्ये सुमारे १४ टक्के नायट्रोजन असतो आणि घरोघरचे बर्नर व बॉयलर त्याच मापाचे आहेत. आयात केलेला गॅस अधिक उष्मांकाचा असल्यामुळे त्यात नायट्रोजन मिसळल्याशिवाय तो तिथे वापरता येत नाही. म्हणून झाउडब्रूक येथे नायट्रोजनचा मोठा कारखाना उभारावा लागला. मोठ्या कारखान्यांना हा गॅस सोडायला लावण्यात आले आणि जुलै २०१८ पासून नव्या घरांना गॅसची जोडणी देणे सर्वसाधारणपणे बंद झाले.

या हिशेबी स्वभावाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. गॅस बंद होणार म्हणजे धोका घटणार, असा सरळ तर्क करून वीबस यांनी अनेक घरांच्या मजबुतीकरणाचे काम थांबवून ठेवले. कागदावर तर्क बरोबर होता. पण टेकू दिलेल्या घरात वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या कुटुंबाला त्याचा काय दिलासा? ग्रोनिंगनमध्ये त्यांच्याविषयी आदर आणि राग एकत्र नांदतो, तो यामुळेच.

राजीनाम्याचे प्रकरण याच्याही आधीचे आहे. फेब्रुवारी २०१४ ते ऑक्टोबर २०१७ या काळात वीबस वित्त खात्याचे राज्यमंत्री होते आणि कर विभाग त्यांच्या अखत्यारीत होता. मुलांच्या पाळणाघरासाठी पालकांना मिळणारे अनुदान हाच विभाग देत असे. अर्जातली एखादी सही राहिली किंवा पालकांनी स्वतः भरायच्या रकमेत थोडी तूट निघाली, तरी पूर्ण वर्षाचे अनुदान परत मागितले जाई. फसवणुकीच्या संशयावरून २०१४ मध्ये आइंडहोव्हन येथील एका संस्थेशी जोडलेल्या सुमारे ३०० पालकांचे अनुदान थांबवण्यात आले. त्यांच्यात परदेशी मूळ असलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय लोकपालांनी यातील २३२ कुटुंबांविषयी कठोर अहवाल दिला, तेव्हा वीबस अजून त्याच खुर्चीत होते. पुढे उघड झाले की असे पालक काही शेकड्यांत नव्हे, हजारोंनी होते. कुणाचे घर गेले, कुणाचा संसार मोडला.

या अनुदान प्रकरणाची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीने १७ डिसेंबर २०२० रोजी आपला अहवाल दिला आणि १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुट यांच्या संपूर्ण मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. तिथल्या प्रथेप्रमाणे बाकीचे मंत्री काळजीवाहू म्हणून कामावर राहिले. वीबस मात्र त्याच दिवशी पद सोडून गेले. खाते बदलून तीन वर्षे उलटली होती, तरी जुन्या खात्याची जबाबदारी सुटली नव्हती. त्यांना खलनायक ठरवणे मला पटत नाही, कारण ही व्यवस्था त्यांच्या आधीची होती, कायदा संसदेने केला होता आणि न्यायालयांनीही तो वर्षानुवर्षे उचलून धरला होता. पण ग्रोनिंगनमध्ये त्यांनी भेगा पडलेल्या भिंती पाहिल्या; कर विभागात त्यांच्यासमोर येत होते ते वसुलीचे आणि विभागाच्या पुनर्रचनेचे कागद.

प्रश्न : २०२२ मध्ये रशियाचा गॅस बंद झाल्यावर युरोपात टंचाई झाली. तेव्हा हे क्षेत्र पुन्हा सुरू का केले नाही?
— त्याच वाचकाचा उपप्रश्न

उत्तर : तशी मागणी झाली होती. जमिनीत अजून सुमारे ४५० अब्ज घनमीटर गॅस आहे. सरकारने विहिरी काही काळ राखीव म्हणून हाताशी ठेवल्या, परंतु उत्पादन वाढवले नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी नियमित उत्पादन थांबले. एप्रिल २०२४ मध्ये वरिष्ठ सभागृहाने कायदा मंजूर केल्यावर ते कायमचे बंद झाले आणि विहिरींत सिमेंट भरण्याचा मार्ग मोकळा झाला. तेव्हा खाणींचे राज्यमंत्री होते हान्स फाइलब्रीफ, दुसऱ्या एका उदारमतवादी पक्षाचे. योगायोग असा की त्याआधी तेही वित्त मंत्रालयात राज्यमंत्री होते आणि कर विभाग पाहत होते.