परागकण, परागरेणू आणि बीजाणू

प्रश्न: हवेच्या तपासणीवरच्या एका मजकुरात ‘प्रति घनमीटर 50 परागरेणू’ असे वाचले. परागरेणू बरोबर की परागकण? आणि बीजाणू म्हणजे तेच का?

उत्तर: पराग म्हणजे फुलातली धूळ, आणि संस्कृतात रेणू म्हणजेही धूळच. त्यामुळे परागरेणू अशुद्ध नाही; कवितेत तर शोभतोच. पण शाळेच्या विज्ञानाने रेणूला दुसऱ्या कामाला जुंपले आहे. दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन मिळून पाण्याचा रेणू होतो, हे आता प्रत्येकाच्या डोक्यात पक्के बसलेले असते. परागाचा एक दाणा साधारण 10 ते 100 मायक्रॉनचा, त्यात असले रेणू मोजता न येण्याइतके. म्हणून आकडा द्यायचा असेल तिथे परागकणच लिहावे.

मोजतातही कणच, एकेक करून. हवेतले कण पकडणाऱ्या, हर्स्ट या शास्त्रज्ञाच्या 1952च्या सापळ्याच्या धर्तीचे यंत्र 2 बाय 14 मिलिमीटरच्या फटीतून मिनिटाला 10 लिटर हवा ओढते. आतल्या फिरत्या पिंपावर चिकट फीत असते. ती तासाला 2 मिलिमीटर, म्हणजे दिवसाला 48 मिलिमीटर सरकते. तो तुकडा काचपट्टीवर घेऊन फुक्सिन हा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली परागकण गुलाबी दिसतात. दिवसाची हवा 14.4 घनमीटर. त्या तुकड्याचा दहावा भाग पाहून 72 कण मिळाले, तर एकूण 720, म्हणजे घनमीटरला 50. हवेचा ओघ 8 लिटरवर घसरला आणि हिशेब मात्र 10 नेच केला, तर आकडा साधारण पाचव्या हिश्श्याने कमी येतो.

बीजाणू निराळा. तो बुरशीचा, नेच्याचा, शेवाळीचा. (जिवाणूशी त्याचे यमक जुळते, नाते नाही, काही जिवाणू बीजाणू तयार करतात, ही गंमत वेगळी.) अल्टर्नारिया या बुरशीचा बीजाणू आडव्या-उभ्या भिंतींवरून ओळखू येतो. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरशींचे बारीक गोल बीजाणू मात्र सूक्ष्मदर्शकातून नुसते पाहून एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, म्हणून ते पोषक माध्यमावर वाढवतात. तिथे मोजतात त्या ‘वसाहती’, म्हणजे उगवलेल्या बुरशीचे ठिपके. त्या आकड्याला बीजाणूंची संख्या म्हणू नये: मेलेले बीजाणू उगवत नाहीत, पण ॲलर्जी आणू शकतात.

लेखनाचे म्हणाल, तर बीजाणू सुटा असताना शेवटचा णू दीर्घ. समासात पहिले पद झाला की ऱ्हस्व: बीजाणुधानी, बीजाणुसापळा. रेणू आणि रेणुभार यांतही तेच.