‘हिचा पगार कधी सुरू होणार?’ : संगणकशास्त्रात संशोधन करू पाहणारी मुलगी आणि तिचे आईवडील

मुलाला कॉम्प्युटरची आवड आहे म्हटल्यावर घरातले सगळे निश्चिंत असतात. तेच मूल ‘मला या विषयात संशोधन करायचे आहे’ असे म्हणाले, की मात्र काळजी सुरू होते. नाशिकमध्ये समुपदेशन करताना दहावी-बारावीच्या निकालांच्या आसपास ही काळजी माझ्याकडे वारंवार येते, म्हणून त्यातील एक अनुभव, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

कुटुंब सिडकोतले. वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर आहेत, आई घरी शिवणकाम करते आणि मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून तिने बायफोकलला (अकरावी-बारावीच्या व्यावसायिक विषयाला) कॉम्प्युटर सायन्स घेतले आहे. वडिलांनी आडपडदा न ठेवता विचारले, ‘मॅडम, हिच्या मामेभावाला इंजिनीअरिंग झाल्या झाल्या हिंजवडीत नोकरी लागली. हिचा पगार कधी सुरू होणार?’

प्रश्न रास्त होता. परंतु त्याआधी मुलीची ओढ कशाची आहे, हे पाहणे मला आवश्यक वाटले. ‘संशोधन करायचे आहे’ म्हणणाऱ्या अनेक मुलांना खरे तर अॅप किंवा गेम तयार करण्यात रस असतो. त्यात कमीपणा काहीच नाही, पण तो रस्ता वेगळा आहे. म्हणून कोणी न सांगता तू काय केले आहेस, असे मी तिला विचारले, तेव्हा तिने एक वही पुढे केली. बबल सॉर्ट या पद्धतीने आकडे क्रमाने लावायला किती वेळ लागतो, याचा तक्ता तिने केला होता: आधी हजार आकडे, मग दहा हजार, मग एक लाख. आकडे दहापट झाले की वेळ जवळजवळ शंभरपट होत होता. खाली पेन्सिलीने लिहिले होते, ‘दहापट का नाही?’ पुढच्या पानावर तिने दोन-दोन आकड्यांच्या एकूण तुलना किती होतात हे स्वतः मोजून त्याचे सूत्र काढले होते आणि त्याखाली आणखी एक प्रश्न होता: ‘किमान किती तुलना लागतीलच, हे सिद्ध करता येते का?’ याचे उत्तर या शास्त्राला ठाऊक आहे. पण परीक्षेत न येणारा हा प्रश्न तिला आपणहून पडला, हे मला गुणपत्रिकेपेक्षा मोलाचे वाटले.

आईची शंका निराळी होती. ‘आता म्हणे एआयच कोड लिहितं, मग हिनं शिकून काय करायचं?’ मी त्यांना सांगितले की कोड लिहिणे हा या विषयाचा एक भाग आहे, आणि त्याच्या तळाशी गणित आहे. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट ठरवणारी पद्धत 2002 मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधली. त्यांपैकी कयाल आणि सक्सेना यांचे बी.टेक. त्याच वर्षी पूर्ण झाले होते. त्या कामात कस लागला तो गणिती विचाराचा.

आयआयटी मिळाली नाही तर सगळे संपले, ही मुलीची स्वतःची भीती होती, आणि माझ्या मते अशा घरांत सर्वाधिक नुकसान हीच भीती करते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित आणि संगणकशास्त्राची बी.एस्सी. ऑनर्स पदवी आहे आणि तिची प्रवेश परीक्षा फक्त गणिताची असते. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत बी.टेक. आणि संशोधनावर आधारित एम.एस. असा पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम असून त्याच्या निवडीत संशोधनाचा कल तपासला जातो. यांपैकी काहीच जमले नाही, तरी नाशिकमध्येच राहून सीईटीतून इंजिनीअरिंग किंवा पुणे विद्यापीठाची बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करता येते आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून गेट ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा देता येते. मात्र हा रस्ता धरला तर डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स (संगणकशास्त्राच्या पायाचे गणित) आणि अल्गोरिदम (प्रश्न सोडवण्याच्या पायरीपायरीच्या पद्धती) हे विषय केवळ पास होण्यापुरते करून चालत नाही, हे मी तिला बजावले.

आता पगार. पीएच.डी. करणाऱ्याला नेट-जेआरएफ, म्हणजे नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाल्यास 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. ही शिष्यवृत्ती प्रत्येकाला मिळत नाही आणि तिथवर पोचायला बारावीनंतर सहसा पाच-सहा वर्षे लागतात, हेही मी वडिलांना स्पष्ट सांगितले. मामेभावाच्या तुलनेत ही कमाई उशिराच सुरू होईल. पण मधल्या टप्प्यावर घरची गरज वाढली, तर याच शिक्षणावर कंपनीत नोकरी धरता येते, आणि ती धरल्याने पुढे पीएच.डी. करण्याचा मार्ग बंद होत नाही.

वडिलांनी मान्य केले ते इतकेच: मुलीने जेईई, सीईटी आणि चेन्नईची परीक्षा, तिन्ही द्याव्यात आणि निर्णय निकालानंतर घ्यावा. चेन्नईला एकटीला पाठवायला आई अजून तयार नाही. त्यासाठी तेथे शिकणाऱ्या एखाद्या मराठी विद्यार्थिनीशी आईचे फोनवर बोलणे करून देण्याचे मी कबूल केले आहे.